पावसाच्या आड सोडलेलं पाणी



खाडीच्या पुराबद्दल आपण सुरतेत दर पावसाळ्यात बोलतो. किती फूट पाणी चढलं, कोणाच्या घरात घुसलं, महापालिकेची बोट किती वाजता आली, फूड पॅकेट कोणाला मिळाले नि कोणाला नाही. त्या पाण्यात काय होतं हे मात्र कोणी विचारत नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर रेघ राहते, तिचा रंग कसा होता. गाळाला वास कसला येत होता. पोरांच्या पायांना खाज का सुटली. याची नोंद कुठल्याच कचेरीत होत नाही. आपल्या भागातल्या कारखान्यांच्या आवारातून पावसाबरोबर जे पाणी वाहून खाडीत जातं, त्याला आज कोणी धनी नाही. त्याला धनी लावून देणं शक्य आहे आणि त्यासाठी एकही मिल बंद करावी लागत नाही, एवढंच मला आज मांडायचं आहे.

पांडेसरा घ्या, सचिन घ्या, कडोदरा-पलसाणा घ्या. कुठल्याही प्रोसेस हाउसमधून पाणी दोन वाटांनी बाहेर पडतं. पहिली वाट डाइंग-प्रिंटिंगच्या सांडपाण्याची. ते आधी मिलच्या स्वतःच्या टाक्यांतून जातं, मग नळाने सामायिक प्रक्रिया केंद्रात, ज्याला आपण सगळे सीईटीपी म्हणतो. या वाटेवर मीटर आहे, रजिस्टर आहे, प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र आहे, नमुने घेणारा माणूस आहे. सगळं ठीक चालतं असं मी म्हणत नाही. पण निदान प्रश्न विचारायला जागा आहे. पर्यावरण सुरक्षा समिती या गुजरातमधल्याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सांगून टाकलं की ज्या कारखान्याची प्राथमिक प्रक्रिया यंत्रणा चालू नाही, त्याला चालू राहता येणार नाही. तो निकाल या पहिल्या वाटेबद्दल होता.

दुसरी वाट म्हणजे आवारातली पावसाळी गटार. ती उघडी असते, आठ महिने कोरडी असते, तिच्यात कचरा अडकलेला असतो. पाऊस पडला की ती भरून वाहते आणि थेट रस्त्याकडेच्या नाल्यात, तिथून खाडीत जाते. तिच्यावर मीटर नाही, तिचं रजिस्टर नाही. संमतीपत्रात ‘पावसाचं पाणी वेगळं ठेवावं’ अशी ओळ पुष्कळदा असते. वेगळं ठेवावं म्हणजे सांडपाण्यात मिसळू देऊ नये, इतकाच तिचा अर्थ लावला जातो. ते पाणी स्वच्छ आहे का, हे तपासायला पावसात छत्री घेऊन कोण येणार?

कायद्याची अडचण इथं नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २४ म्हणतं की प्रवाहात विषारी वा घाण करणारा पदार्थ जाणूनबुजून जाऊ देऊ नये. तो पदार्थ नळाने गेला की पावसाने वाहून गेला, असा भेद त्या कलमात नाही. तो भेद आपल्या सवयीने केला आहे.

मी स्वतः काही वर्षं एका मिलच्या स्टोअरला होतो. नाव सांगत नाही, कारण आवार सगळीकडे थोड्याफार फरकाने तसंच दिसतं. बॉयलरसाठी कोळशाचा आणि लिग्नाइटचा ढीग, उघड्यावर. त्याच्या बाजूला राखेचा ढीग. मिठाच्या गोण्या, त्यातल्या दोन-चार फाटलेल्या. कॉस्टिकचे ड्रम, हायड्रोचे डबे. रिकामी बॅरलं आडवी टाकलेली, पण रिकामी म्हणजे तळाला बोटभर रंग असलेली. ईटीपीचा वाळत घातलेला गाळ. हा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवायचा नसतो, आणि ठेवायचा तोही छपराखाली. मी पाहिलेला ढीग उघड्यावर होता आणि त्याच्या बाजूने गवत उगवलं होतं. त्यावरून त्याचं वय काढा. शिवाय फोर्कलिफ्टचं तेल, ट्रकचं ग्रीस, आणि धुराड्यातून पडून पत्र्यावर बसलेली काजळी. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत हे सगळं साचत जातं. मग पहिला मोठा पाऊस येतो आणि तासाभरात झाडून नेतो.

आमच्याकडे तांदळाचं पहिलं धुवण गढूळ निघतं, दुसरं कमी, तिसरं जवळजवळ स्वच्छ. आवाराचंही तेच. पहिल्या पावसाचं धुवण सगळ्यात वाईट असतं. म्हणून सगळा पावसाळा साठवून शुद्ध करा, अशी अशक्य मागणी करायची गरज नाही. सुरतेत वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा सीईटीपीत घातला तर सीईटीपीच वाहून जाईल. पण पहिल्या १० मिलिमीटरचा हिशोब करून बघा. एक हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर १० मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर. म्हणजे पाण्याचा एक टँकर, किंवा गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या दहा काळ्या टाक्या. एक एकराच्या आवाराला ४०,००० लिटर. जी मिल रोज लाखो लिटर पाणी वापरते, तिला हे ओझं आहे असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन, पण पटवून घेणार नाही.

हे झालं नकळत वाहून जाणाऱ्या पाण्याचं. कळून सोडलेल्या पाण्याचं काय? मिलमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. पाऊस जोरात सुरू झाला की सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गटारीकडे फिरवायचा, ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस मला भेटलेला नाही. सीईटीपीला पाणी दिलं की लिटरप्रमाणे पैसे भरावे लागतात. पावसाला दिलं की काही लागत नाही. रंग दिसला तरी सकाळपर्यंत निघून जातो. सगळ्याच मिली असं करतात असा आरोप मी करत नाही. नेटाने यंत्रणा चालवणारे मालक मला माहीत आहेत, आणि त्यांचं दुखणं वेगळंच आहे: शेजारचा पावसाच्या आड पैसे वाचवतो आणि त्याचं कापड मीटरमागे थोडं स्वस्त पडतं. प्रामाणिक माणसाला तोटा व्हावा अशी ही व्यवस्था आहे.

अशा उघड्या गटारींवर नजर नसली की काय होतं ते आपण एकदा पाहिलं आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडलं जात होतं. विषारी वायू तयार झाला आणि जवळच्या कापड मिलमधले सहा कामगार गेले. वीसहून जास्त जणांना इस्पितळात न्यावं लागलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली, अटका झाल्या. तो पावसाळा नव्हता. म्हणून कळलं. मुसळधार पावसात तोच टँकर रिकामा झाला असता तर सकाळी कोणाला काय सांगता आलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आता हे पाणी जातं कुठं, तेही बघू. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर उगाच घबराट होते. आपलं पिण्याचं पाणी तापीतून, सिंगणपोरच्या कॉजवेच्या वरच्या बाजूला अडवलेल्या गोड्या पाण्यातून येतं. मी ज्या खाड्यांबद्दल बोलतो आहे, कोयली, मिठी, भेदवाड, कांकरा, त्या शहराच्या दक्षिण अंगाने वाहतात आणि पुढे मिंढोळा नदीला मिळून समुद्राकडे जातात. तेव्हा नळाला रंगीत पाणी येईल अशी भीती नको. पण खाडी समुद्राला मिळते म्हणून घाण समुद्रात जाते, असंही समजू नका. भरती असली की समुद्र खाडीला आत घेत नाही. वरून पाऊस, खालून भरती. पाणी मधे अडतं आणि आडवं पसरतं. कुठं पसरतं? लिंबायतला, मिठी खाडीच्या काठच्या वस्त्यांत, पर्वत पाटियाला, पुणागाम-कुंभारियाच्या बाजूला. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्याच दणक्यात हेच झालं, आणि पाणी काही ठिकाणी दिवसचे दिवस हललं नाही. तो मोसमाचा पहिलाच मोठा पाऊस होता हे लक्षात घ्या. आठ महिन्यांचं धुवण त्याच पाण्यात होतं.

“पावसात सगळं पातळ होऊन जातं,” असं मला एका शिकलेल्या गृहस्थांनी सांगितलं. वाहत्या नदीत होत असेल. माजघरात दोन दिवस उभ्या राहिलेल्या पाण्यात नाही होत. पाणी जातं आणि राख, रंग, तेल गाळाबरोबर फरशीवर बसतं. मग तो गाळ आपल्या बायका-पोरी हाताने काढतात.

आपल्या लोकांना हे जास्त लागावं असं मला वाटतं, त्याचं कारण भावनेचं आहे तसं पत्त्याचंही आहे. लिंबायत, डिंडोली, उधना इथला निम्मा शेजार जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेला. सकाळच्या पाळीला मिलमध्ये किंवा लूमच्या खात्यात, आणि रात्री खाडीच्या काठच्या खोलीत. जे हात व्हॉल्व्ह फिरवतात त्यांच्याच घरात ते पाणी परत येतं. आपण ज्या नदीच्या काठी लहानाचे मोठे झालो, भुसावळला किंवा प्रकाशाला, तीच तापी ७०० किलोमीटर चालून इथं समुद्राला मिळते. तिकडे आपण तिला माय म्हणतो. इकडे तिच्या शेजारच्या खाडीला गटार म्हणतो आणि तसंच वागवतो.

हो, आपणही वागवतो. सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. खाडीत घरांचा मैला जातो, तबेल्याचं शेण जातं, प्लॅस्टिक जातं, लग्नाच्या पत्रावळी जातात. त्यासाठी महापालिकेशी वेगळं भांडण आहे आणि ते चालू ठेवायचं आहे. पण घरातल्या सांडपाण्यावर या शहराने निदान काम केलं आहे. २०१४ मध्ये बमरोलीला रोज ४ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या मिलांना विकायला सुरुवात झाली. पुढे ते वाढवलं गेलं. मैलापाणी विकत घेऊन कापड रंगवणारी गावं देशात फार नाहीत. १९९४ च्या प्लेगमध्ये देशभर नाक मुरडलं गेलेल्या या शहराने पुढच्या दोन वर्षांत स्वच्छतेत नाव कमावलं, हेही आपल्यातल्या वयस्कांना आठवत असेल. म्हणजे सुरतेला जमत नाही असं नाही. सुरत एखाद्या गोष्टीकडे बघायला लागली की ती गोष्ट सुधारते. पावसाळी गटारीकडे अजून कोणी बघितलेलं नाही.

धुराचंच उदाहरण घ्या. २०१९ पासून सुरतेतल्या शेकडो मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांवर मोजणी यंत्रं बसली आणि धुळीच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. धुलिकणांसाठी अशी बाजारपेठ जगात पहिली आपल्याकडे निघाली. अभ्यास करणाऱ्यांना धूळ २० ते ३० टक्क्यांनी कमी झालेली दिसली, आणि मिली काही बंद पडल्या नाहीत. मोजलं म्हणून कमी झालं.

मग पावसाचं पाणी मोजायचं कसं? यासाठी मोठं यंत्र लागत नाही, काचेची बाटली लागते. अमेरिकेत १९८७ मध्ये त्यांच्या पाणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कारखान्यांच्या आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू लागला. तिथल्या सर्वसाधारण परवान्यात एक साधी अट आहे. वर्षातून चार वेळा, पाणी बाहेर वाहू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात, स्वच्छ पारदर्शक भांड्यात ते भरायचं आणि उजेडात धरून बघायचं. रंग आहे का, वास आहे का, फेस, तेलाचा तवंग, तरंगणारा कचरा, तळाला बसणारा गाळ. जे दिसेल ते तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं. काही दिसलं तर कारण शोधून दुरुस्त करायचं. प्रयोगशाळेच्या चाचण्या काही उद्योगांना वेगळ्या आहेत, पण ही बाटली सगळ्यांना आहे. तिथली सगळी पद्धत आपल्याला जमेल असं नाही. बाटली जमेल. आपल्याकडे तर पावसाळाच चार महिन्यांचा. महिन्याला एक बाटली.

बाकीची कामंही गवंड्याच्या आवाक्यातली आहेत. कोळसा, राख, गाळ आणि रसायनं पत्र्याखाली घ्या, म्हणजे पाऊस त्यांना शिवणारच नाही. निम्मं काम तिथंच होतं. ड्रम ठेवायच्या जागेला वीतभर उंच ओटा-पाळ बांधा. छपराचं पाणी वेगळ्या नळीने काढा, ते स्वच्छ असेल तर जमिनीत मुरवा. आणि आवारातली गटार जिथं बाहेर पडते तिथं एक चेंबर, एक झडप आणि पहिल्या १० मिलिमीटरची टाकी बांधा. टाकी भरली की पुढचं पाणी जाऊ द्या; टाकीतलं पाऊस थांबल्यावर हळूहळू ईटीपीला द्या. चेंबर रस्त्यावरून दिसेल असं हवं, आतल्या कोपऱ्यात नको. ज्यांचे प्लॉट अगदीच लहान आहेत, त्यांच्यासाठी चार-पाच जणांची एक टाकी जीआयडीसीने बांधून द्यावी आणि भाडं घ्यावं. शेठजींपैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांनी खर्चाचा आकडा काढून आम्हाला लिहावं, छापू.

प्रदूषण मंडळाकडे मागणी दोनच ओळींची आहे. संमतीपत्र नवं करताना पावसाळी गटारीची टाकी, झडप आणि बाटलीचं रजिस्टर या अटी नाव घेऊन लिहा. आणि जून महिन्यात, पाऊस चालू असताना, तपासणीला बाहेर पडा. एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यात तुरुंगाच्या शिक्षेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आला आहे. दंड वसूल करायला खटल्याची वाट बघावी लागत नाही, हा त्याचा फायदा म्हणायचा. पण पाहणीच झाली नाही तर दंड कसला!

राहिला प्रश्न मिलमधल्या आपल्या माणसाचा. “मुकादम सांगतो व्हॉल्व्ह फिरव, मी काय करू?” असं एका तरुण भावाने उपासनेनंतर मला बाजूला घेऊन विचारलं. नोकरी सोड असं त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही. तीन तोंडं आहेत त्याच्या घरी. अशा माणसाने एकट्याने पुढे होऊ नये. तक्रार सोसायटीच्या, मित्रमंडळाच्या, मंडळीच्या किंवा महिला बचत गटाच्या नावाने जावी, कामगाराचं नाव तिच्यात नसावं. नाल्याचा फोटो काढा, वेळ आणि जागा लिहा, पाऊस किती वेळ चालू होता ते लिहा. आपण भरलेली बाटली न्यायालयात पुरावा होत नाही. कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या माणसानेच, मालकाला कळवून, दोन भाग करून, सील लावून घ्यावा लागतो. पण आपला फोटो त्या माणसाला खुर्चीतून उठवू शकतो. तक्रारीवर काहीच झालं नाही तर कलम ४९ प्रमाणे मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात जाता येतं, हेही माहीत असू द्या.

आणि एक काळजीची गोष्ट. नाल्याला कुजक्या अंड्यासारखा किंवा झोंबणारा वास आला तर बघायला वाकू नका, फोटोही काढू नका. पोरांना घेऊन वाऱ्याच्या उलट दिशेला चालायला लागा आणि मग फोन करा. पुराच्या पाण्यात पोरांना खेळू देऊ नका. गाळ काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. बचत गटांनी हे आधीच एकगठ्ठा आणून ठेवले तर स्वस्त पडतील.

मंडळाच्या सुरत प्रादेशिक कचेरीला द्यायच्या अर्जाचा मसुदा मराठीत आणि गुजरातीत तयार आहे, एका पानाचा. ज्या सोसायट्यांना किंवा मंडळांना हवा असेल त्यांनी या पानाच्या पत्त्यावर कळवावं. शेजारच्या मंदिर ट्रस्टला, मशिदीच्या कमिटीलाही त्याच्या प्रती द्या. खाडी सगळ्यांच्याच घरात येते. अर्ज मे महिन्याच्या मध्यापर्यंत पोचले तर पावसाआधी झडप बसवायला तीन-चार आठवडे मिळतात.